ज्वालामुखीच्या बेटावरची खोली

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ग्रीसमधल्या एका ज्वालामुखीच्या बेटावर जायचं, असं आम्ही ठरवलं होतं. ट्रॅव्हल कंपनीतली मुलगी फोटो दाखवत होती. पांढरीशुभ्र घरं, फक्त आम्हा दोघांसाठी पोहण्याचा तलाव, खाली निळा समुद्र.

"पूर्वी हे बेट जवळजवळ गोल होतं," ती म्हणाली. "स्फोट झाला आणि मधला भाग समुद्रात खचला. आता लोक तेच बघायला येतात."

मधलं सगळं खचल्यावरही कडेकडेनं इतकी नेटकी घरं बांधून राहता येतं, याचं मला नवल वाटलं नाही.

"बेडरूममध्ये एकच मोठा पलंग ना?" फॉर्म भरता भरता तिनं विचारलं.

"दोन वेगळे," मी आणि सुधीर एकदमच म्हणालो.

कित्येक वर्षांनी आमचं एकमत झालं होतं. आता वाईट वाटेल म्हणून मी जरा थांबले. काहीच वाटलं नाही.

ती मुलगीच गोंधळली. "पण मॅडम, वाढदिवसाचं म्हणून हॉटेलवाले पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या पसरतात..."

"दोन्हींवर पसरायला सांगा," सुधीर शांतपणे म्हणाला. सही करून त्यानं पेन माझ्याकडे सरकवलं.