नऊ पॉइंट बासष्ट की बावीस

"सर, मी नऊ पॉइंट बासष्ट वाचलं. देवराव बावीस म्हनते!" सुमनने ओरडून सांगितलं.

मॅट्रिकच्या वर्गाला मी चामोर्शीकडच्या एका तलावाच्या पाळीवर लेव्हल घ्यायला शिकवत होतो. मी इरिगेशनचा ओव्हरसिअर. हेडमास्तरांनी गळ घातली म्हणून रविवारी हा तास घ्यायचो. आमचे साहेब म्हणाले होते, "पोट्टे कारकून होणार, त्यांना हे कशाला?" तरी ऑफिसातली जुनी डंपी लेव्हल आणि स्टाफ त्यांनी दिला.

लेव्हल म्हणजे तिपाईवरची आडवी दुर्बीण. समोर स्टाफ, म्हणजे फुटांचे आकडे रंगवलेली उंच पट्टी, उभी धरायची. दुर्बिणीतून आकडा जितका मोठा दिसेल, तितकी ती जागा खाली. माझा एकच नियम होता. प्रत्येक रीडिंग दोघांनी घ्यायचं, एकमेकांना न विचारता.

"डोळे तपासून घे," देवराव म्हणाला.

"तूच घे. चष्मा तुले लागला, मले नाई."

पुन्हा वाचलं. आता दोघांनाही बासष्ट. सुमन भांडण सोडून स्टाफपाशी गेली. तो तीन तुकड्यांचा, एकात एक सरकणारा. तुकडा पूर्ण वर ओढला की खटका बसतो. तिने वरचा तुकडा ढकलून धरला. देवरावने वाचलं, बावीस. तिने हात सोडला. तुकडा हळूच घसरला. बासष्ट.

"खटका झिजला, सर. पट्टी खोटं बोलून राह्यली."

मला शाबासकी द्यायची होती. मी तो खटका बोटाने चाचपू लागलो.

देवराव म्हणाला, "नहरीच्या वेळी हीच पट्टी होती न, सर?"

"हीच."

"मंग लटारूकाकाले काऊन काढलं?"

लटारू माझा खलाशी, स्टाफ धरणारा. आदल्या वर्षी नहर, म्हणजे कालवा, खोदून झाली आणि पाणी अर्ध्या वाटेत थबकलं. शेवटच्या बांध्यांमधले, म्हणजे टोकाच्या भातखाचरांतले, धान वाळले. झिजल्या खटक्यामुळे जमीन होती त्यापेक्षा पाचेक इंच खाली दिसली होती. कागदावर उतार मिळाला, पाण्याला मिळाला नाही. स्टाफ तिरपा धरला तरी आकडा मोठाच येतो. मी रिपोर्टात तेवढंच लिहिलं: खलाशाने स्टाफ सरळ धरला नाही. लटारूचं काम गेलं. गाव त्याला 'नहरबुडव्या' म्हणू लागलं. तो परत तलावात जाळं टाकू लागला, पण शेवटच्या बांध्यांवाले त्याची मासोळीही घेईनात.

सोमवारी मी मुलांच्या रीडिंगचा कागद घेऊन साहेबांकडे गेलो.

"हे पोरांनी काढलं?"

"हो."

"आणि तुम्ही काय करत होता?"

"शिकवत होतो, साहेब."

त्यांनी व्हरांड्यात स्टाफ उभा करून स्वतः पाहिलं. तुकडा घसरला. लटारूला परत घ्यायची ऑर्डर त्याच आठवड्यात निघाली. खटका बदलून नहरीच्या खालच्या भागाची लेव्हल मुलांनीच नव्याने घेतली, मी फक्त सोबत होतो. त्यांच्या आकड्यांवर तो भाग पुन्हा खोदला. त्या हंगामात पाणी शेवटच्या बांधीत शिरलं, तेव्हा सुमन आणि देवराव वही उघडून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे होते. पाण्याने त्यांचं ऐकलं याचं त्यांना काही नवल वाटलं नाही. मला मात्र माझ्या अख्ख्या नोकरीतलं तेच एक काम मिरवावंसं वाटतं.

पण साहेबांना मी अर्धंच सांगितलं होतं. यंत्रात दोष, एवढंच. नहरीची लेव्हल घेताना लटारूने मला स्पष्ट सांगितलं होतं, "साहेब, वरचा तुकडा बसून नाई राह्यला." मी म्हणालो होतो, "तू धर. वाचायचं माझं काम आहे." हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. त्यानेही कधी कुणाला सांगितलं नाही. कामावर परतला तेव्हा एवढंच म्हणाला, "पोट्टे हुशार निंगाले, साहेब. तुमचंच शिकवनं."

यंत्र आणि त्यामागचं गणित शिकवायचं तर हायस्कुलातच शिकवावं, असं माझं मत झालं आहे. त्या वयात दोन आकडे जुळले नाहीत तर पोरं यंत्रापाशी जाऊन बघतात. नोकरी लागली की माणूस आधी कुणाचं नाव लिहिता येईल ते बघतो.