पेशकार, पिसाची माशी आणि मराठीचा पेपर

धाराशिवहून येणारी संध्याकाळची बस तेरच्या थांब्यावर उभी राहिली आणि कंडक्टर दारातूनच म्हणाला, "गुरुजी, पेशकारसाहेब गेले. दुपारीच, दवाखान्यात." शाळा सुटल्यावर भाजी घेऊन मी घरी निघालो होतो. आदल्या दिवशी डॉक्टरांनी "आता बरं आहे" म्हटल्यामुळं त्यांच्या पत्नी, आमच्या शेजारच्या वहिनी, घरी आल्या होत्या, तेव्हा ही बातमी त्यांना सांगायचं माझ्याच वाट्याला आलं. दारात गेलो आणि सांगायचं सोडून हातातली मेथीची जुडी मी त्यांच्यापुढं धरली. तिच्याकडं आणि माझ्या तोंडाकडं पाहून त्या काय ते समजल्या... महिना उलटला त्याला. अजून मेथी घरात आणवत नाही.

त्यांचं नाव दत्तोपंत, पण गावात ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. निजामाच्या अमलात ते कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारे कारकून, होते. ते राज्य गेलं, तो हुद्दा गेला, 'पेशकार' तेवढं त्यांना चिकटून राहिलं. शिक्षण सगळं उर्दूत झालेलं. त्यांचा उर्दू मसुदा म्हणजे कचेरीत नमुना म्हणून दाखवायचं काम होतं म्हणे. पुढं कचेरीचा कारभार मराठीत आला आणि पंचेचाळिशीच्या या माणसाला खात्याच्या मराठीच्या परीक्षेला बसावं लागलं. घरात मराठी, बाजारात मराठी, पण देवनागरी लिहायला बसले की अक्षर पहिलीतल्या पोरासारखं. मी शाळेत मराठी शिकवतो म्हणून शिकवणी माझ्याकडं आली. मी मुलखाचा तापट. लाल पेन्सिलीनं त्यांचे निबंध असे रंगवायचो की आज आठवलं तरी लाज वाटते. ते दोनदा नापास झाले. दोन्ही वेळा तासाभरातच पेपर देऊन उठले होते. "माझंच अक्षर मला बघवंना, गुरुजी," म्हणाले. तिसऱ्यांदा नापास झाले असते तर खालच्या जागेवर जावं लागणार होतं, आणि तेही एकेकाळी त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या कारकुनाच्या हुकमात.

आता त्यांच्या नादाविषयी. त्यांचा एक जुना अंमलदार मुलूख सोडून जाताना त्यांना चिरलेल्या बांबूची तीन तुकड्यांची काठी आणि एक पत्र्याची डबी देऊन गेला होता. डबीत पिसांच्या बांधलेल्या खोट्या माश्या. गळाला गांडूळ नाही, पीठ नाही. ही पिसाची माशी लांब दोरीनं फेकून पाण्यावर अलगद उतरवायची, की काश्मीरच्या थंड नद्यांतला ट्राउट मासा खरी समजून ती घेतो. तो साहेब त्या माशाचं वर्णन करायचा, आणि आमचे पेशकार, ज्यांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, ते ऐकून वेडे झाले. आमच्या तेरणा नदीला फाल्गुनात पाणी कुठलं? मग ते ज्वारी काढलेल्या रानात जायचे, वीस पावलांवर तांब्या ठेवायचे आणि त्याच्या तोंडात माशी पाडायचे. वर्षानुवर्षं. बांधावरून लोक विचारायचे, "पेशकारसाब, वावरात मासं गावत्यात व्हय?" ते हसून म्हणायचे, "अजून तरी न्हाय, पण तांब्या लई गावतोय."

तिसरी परीक्षा जूनअखेरीस होती. मे महिन्यात शिल्लक रजा काढून ते काश्मीरला निघाले आणि सुट्टीच होती म्हणून मला सोबत ओढलं. वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अभ्यासाला बसा म्हटलं की ह्यांना मासे आठवतात!" मीही रागातच होतो. पिशवीत व्याकरणाचं पुस्तक घेतलं, ते जाऊन येऊन एकदाही उघडलं नाही.

श्रीनगरला मासेमारीच्या परवान्यासाठी अर्ज करायचा होता. पेशकारांनी तिथंच उभ्यानं तो उर्दूत लिहिला. कारकुनानं कागद हातात घेतला, पुन्हा वाचला आणि शेजारच्या दोघांना बोलावून दाखवला. कुणीतरी खुर्ची आणली, चहा आला. मला त्या उर्दूतलं एक अक्षर लागत नव्हतं. मी नुसता पेशकारांच्या चेहऱ्याकडं पाहत होतो. इतकी वर्षं शेजारी राहून हा माणूस असा ताठ बसलेला मी पाहिलाच नव्हता, आणि माझ्या लाल पेन्सिलीनं काय केलं होतं ते मला तिथं परक्या मुलखात कळलं.

पहलगामच्या वरच्या अंगाला लिद्दर नदीवर रसूलचाचा नावाचा म्हातारा वाटाड्या आमच्यासोबत होता. पेशकारांची माशी अशी अचूक पडायची की तो मान डोलवायचा. पण दोन दिवस झाले, मासा एक नाही. मासा वर यायचा, तोंड उघडायचा, आणि माशी तिथून गेलेली असायची! तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा काठीवर हात ठेवून म्हणाला, "साहब, आप देते बहुत खूब हैं, मगर फ़ौरन वापस ले लेते हैं. मछली को ज़रा सोचने दीजिए." पेशकार खो खो हसत मला म्हणाले, "अहो गुरुजी, धसकटं!" खरंच की. रानात माशी पडल्या पडल्या उचलली नाही तर ज्वारीच्या धसकटात अडकायची, म्हणून हाताला तीच सवय लागलेली. त्यानंतर त्यांनी माशी टाकली आणि ओठ घट्ट मिटून थांबले. पाणी हललं, काठी वाकली. वीतभर मासा, अंगावर लाल ठिपके. त्यांनी हात ओले करून तो धरला, डोळे भरून पाहिला आणि पाण्यात सोडून दिला. रसूलचाचा कपाळावर हात मारून बघतच राहिला.

परतताना बसमध्ये ते म्हणाले, "पेपरातही मी हेच करत होतो. लिहायचं अन् उठायचं."

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राबाहेर चिंचेखाली उभा होतो. तास झाला, दोन झाले. आधी तरुण कारकून बाहेर आले, मग बाकीचे आले, शिपाई खिडक्या लावू लागला, तरी पेशकारांचा पत्ता नाही. शेवटी आले, बोटं शाईनं माखलेली. "सगळं लिवलं, गुरुजी. अक्षर तसलंच हाय, पण सगळं लिवलं." ते पास झाले आणि त्यांची जागा राहिली. मला इतका आनंद स्वतःच्या नेमणुकीचाही झाला नव्हता.

त्यानंतर दर रविवारी त्यांच्या पडवीत लोक अर्ज लिहून घ्यायला येऊ लागले. ते लिहायचे, वाचून दाखवायचे, पेन खाली ठेवायचे, "आणखी काय?" विचारायचे आणि मग गप्प बसायचे. समोरचा बोलेपर्यंत.

गेल्या रविवारी वहिनींना भेटायला गेलो, तर पडवीत एक आजी बसलेली. ईट गावाहून लेकीकडं आली होती. शेताच्या वाटेवरून थोरल्या मुलाशी भांडण होतं, त्याचा अर्ज लिहायचा होता. पेशकार गेल्याचं तिला नुकतंच कळलं होतं. वहिनी आतून म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हीच लिहा." आजीनं मला खालपासून वर न्याहाळलं. "ह्यांना जमंल का पेशकारसाबावाणी मराठी?"

"बघतो," म्हणालो. लिहिलं, वाचून दाखवलं. पेन खाली ठेवलं. "आणखी काय?" विचारलं आणि गप्प बसलो. माझ्यासारख्याला ते किती जड गेलं, काय सांगू... बऱ्याच वेळानं आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "वाट ऱ्हाऊ द्या वो. थोरला माझ्याशी बोलत न्हाय, तेवढं लिवता का?"

मी अर्ज बाजूला ठेवला आणि नव्या कागदावर 'चिरंजीव' घालून पुढं तिच्या मुलाचं नाव लिहिलं.