गुढियारीच्या भिंतीतली भेग

ज्याचं पोट भूकंपांवर चालतं, त्यानं आपलं घर रायपूरला असल्याचं सहसा सांगू नये. आमच्या धंद्यातले लोक हसतात. इथली जमीन म्हातारी, शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी हिंडते ती कच्छात आणि हिमालयाच्या पायथ्याशी, जिथे जमीन फाटून सरकलेली आहे. त्या फाटीला आडवा चर खणायचा, चराची भिंत थापीनं तासून गुळगुळीत करायची आणि मातीचे थर वाचत बसायचं. जुना भूकंप असा सापडतो. खालचे थर तुटलेले असतात, वरचे सलग असतात. शेवटचा तुटलेला थर आणि पहिला धड थर, या दोघांच्या मधे कधीतरी जमीन हललेली असते. शास्त्र एवढंच, बाकी उन्हात उभं राहणं.

या नादाला मी लागले मात्र गुढियारीत, आमच्या स्वयंपाकघरातल्या एका भेगेमुळे.

बाबा रेल्वेत होते, मालधक्क्यावर. घर रुळांच्या इतकं जवळ की मालगाडी निघाली की फळीवरची भांडी वाजायची आणि ती वाजायची थांबेपर्यंत बोलणारा वाक्य अर्धवट ठेवून थांबायचा. पाहुणे दचकायचे. आम्हाला ती वाजली नाहीत तर चुकल्यासारखं व्हायचं.

मी लहान असताना एका पहाटे दूर नर्मदेकडे जमीन हलली. आमच्याकडे पंखा डुलला, कुत्री भुंकली, अख्खा पारा, म्हणजे मोहल्ला, रस्त्यावर येऊन उभा राहिला आणि चहाच्या वेळेला घरात गेला. काही दिवसांनी चुलीमागच्या भिंतीत छतापासून ओट्यापर्यंत भेग दिसली. बाबांनी हात लावून सांगितलं, "भूकंपाची हाये."

"कायचा भूकंप!" आई म्हणाली. "तुमच्या मालगाड्याइनं हादरून हादरून फाटली भित."

झालं. बाबांच्या मालगाड्यांवर आळ घेणं म्हणजे त्यांच्या सात पिढ्यांना शिवी देणं. ते ताट बाजूला सारून म्हणाले, "मालगाडी रोज येते. भेग एकदाच आली."

हे वाक्य मी पुढे किती वेळा ऐकलं याला गणतीच नाही. भाजी खारट झाली की भांडण तिथे पोचायचं, पगार उशिरा आला की तिथे, काहीच झालं नाही तरी तिथेच. मी नेहमी बाबांच्या बाजूनं. शाळेत तर मी छातीठोक सांगायची की भूकंप आमच्या घरी येऊन गेलाय. ती फुशारकी नसती तर मी आज एखाद्या बँकेत बसून दुपारी डबा खात असते.

बाबा गेले, आणि भावानं आईला शंकर नगरच्या फ्लॅटमध्ये नेलं. चांगला फ्लॅट आहे, खिडकीत वारा येतो. पण आई झोपत नाही. "इथं काईच हालत नाई वं," म्हणते. भाऊ डॉक्टरकडे नेतो, डॉक्टर गोळी देतो, आई ती गोळी उशीखाली ठेवते.

गुढियारीचं घर विकायचं ठरलं तेव्हा घेणाऱ्यानं सांगूनच टाकलं की तो ते पाडणार. मी रजा काढून आले. भावाला वाटलं, सामान आवरायला. मला ती भिंत उघडायची होती. सरळच सांगते, मला बाबांचं खरं ठरायला हवं होतं. लोकांच्या शेतांतले भूकंप शोधत मी जन्म काढला, आणि ज्याच्या नावावर हे सगळं सुरू झालं तो एक भूकंप मी कधी तपासला नव्हता.

आईला कळलं तशी ती चपला घालून दारात उभी. "निकाल लावून राहिली तं माह्यासमोर लाव."

रिकाम्या स्वयंपाकघरात ती उलट्या बादलीवर बसली. मी थापी घेतली आणि भेगेच्या दोन्ही बाजूंनी भिंत हलक्या हातानं तासायला लागले, चरात तासते तशीच. दर वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी आमचं घर रंगायचं, त्यामुळे थरांना तोटा नव्हता. पांढरा, निळा, पुन्हा निळा, पिस्ता. मधेच एक काळसर रेघ, सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून उडत येणाऱ्या डस्टची. चरात मी थरांवर रंगीत टाचण्या लावते. इथे कपाटात आईच्या टिकल्यांचं पाकीट सापडलं, बाबा गेल्यावर तिनं हात न लावलेलं. विचारलं तर म्हणाली, "लाव."

भूकंपाची भेग असती तर गोष्ट सोपी होती. एकदा फाटली, एकदा बुजवली, मग वरचे रंग धड. पण इथे एकही रंग धड नव्हता. खालचा तुटलेला, त्यावरचा तुटलेला, अगदी शेवटचा पिस्ताही तुटलेला. भेग दर वर्षी नव्यानं उघडत होती. खरं तर गाड्यांइतकाच दोष घराखालच्या काळ्या कन्हार मातीचाही असेल, ती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते. पण भूकंप नक्की नव्हता.

मग मी भेगेच्या आत बघितलं. आत सिमेंट होतं, सिमेंटच्या फटीत चुना, चुन्याच्या फटीत प्लास्टर, त्यातही पुट्टी. कोणीतरी दर वर्षी ती भेग मन लावून बुजवली होती आणि वरून रंग मारला होता. कोणीतरी कशाला म्हणू? रंगारी आला तरी बाबा त्याला या भिंतीला हात लावू द्यायचे नाहीत. "ते भित मी करतो," म्हणायचे. म्हणजे दुसऱ्याच वर्षी त्यांना कळून चुकलं होतं की आईचं खरं आहे. त्यानंतर जन्मभर ते खुशाल खोटं भांडले, आणि मी त्यांच्या बाजूनं.

मला हसू आलं, आणि पाठोपाठ त्यांची इतकी आठवण आली की थापी हातातून खाली ठेवावी लागली.

"आई, तू जिंकली," मी म्हणाले. "भूकंप नव्हता. बाबांना माहीत होतं."

आई टिकल्यांकडे बघत होती. "मले नव्हतं का माहीत? दरसाली जयंतीच्या आंधी तुह्या बाबाच्या नखात पुट्टी राहे."

"मग भांडायची काहून?"

"ते भांडे म्हणून." बादलीवरून उठताना तिनं त्याच भिंतीचा आधार घेतला. "आता जिंकून मी का करू? कोनाले सांगू?"

मागून मालगाडी निघाली. फळीवर वाजायला काही उरलं नव्हतं. तरी ती जाईपर्यंत आम्ही दोघी न बोलता उभ्या राहिलो.

दोन दिवसांनी शंकर नगरला शेजारच्या दीदी चहाला आल्या. माझ्या फोनवरचे फोटो बघता बघता त्या भिंतीचा फोटो आला आणि त्यांनी विचारलं की ही कसली दरार.

"भूकंप की है," आई ताडकन म्हणाली. "मेरी बेटी छोटी थी, तब आया था."

मी कपातून तोंड वर काढलं. आई माझ्याकडे बघत नव्हती.

"नहीं दीदी," मी म्हणाले, "मालगाड़ियों से हुई है."

आई माझ्याकडे वळली. बाबा गेल्यापासून न दिसलेली ती जुनी चीड तिच्या डोळ्यांत लख्ख पेटली होती. "तू चूप राय! लय शिकली म्हणून तुले का सगळंच कळते? मालगाडी रोज येते. भेग एकदाच आली."

मीही हटले नाही. आई बाबांच्या बाजूला गेली होती. तिची बाजू आता कोणीतरी लढवायला हवी होती.