वीस मतांचा माणूस

आमच्या गावात पोर जन्मलं की बाप आधी क्लबात जायचा, मग जन्माची नोंद करायला. बेल्मिरो फाल्काटोच्या बापानं १९४१ साली तेच केलं. कॉर्कच्या कारखान्यातली पाळी संपवून तो थेट उनियांव क्लबाच्या कचेरीत गेला आणि एका दिवसाच्या पोराला सभासद करून घरी आला. बायको म्हणाली, नाव काय ठेवलंस ते तरी सांग.

तीस वर्षं मी, आर्मेनियो, त्या क्लबाचा बार चालवला. त्यामुळे नावं ठेवायचा मला थोडा हक्क आहे. उनियांवमध्ये एके काळी काय नव्हतं? फुटबॉल, सायकल, पोहणं, टेबल टेनिस, चाकांच्या बुटांवरची हॉकी. सायकलवाले म्हातारे झाले. नदीत कारखान्याचं पाणी आलं तेव्हा पोहणारे अंग खाजवत घरी गेले. टेबल टेनिसचं टेबल कुणीतरी मुलीच्या लग्नात जेवणं वाढायला नेलं ते परत आलंच नाही. उरलं फुटबॉल, आणि उरली हॉकी. हॉकी म्हणजे बेल्मिरोकाका.

हॉकीच्या हॉलची लाकडी जमीन १९६१ साली कामगारांनी रविवारी रविवारी खपून घातली. वीस वर्षांचा बेल्मिरो त्यात होता, त्याचा बापही होता. पुढं सतरा वर्षं तो त्याच जमिनीवर गोलकीपर म्हणून वाकून बसला आणि तीन बोटं वाकडी करून उठला. मग देखभालीचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं. दर सोमवारी सकाळी गुडघ्यांवर बसून फळ्यांना मेण घासायचा. त्याची बायको लुसिलिया म्हणायची, माझी पाठ दुखते तेव्हा या माणसाचे हात कुठं जातात कोण जाणे.

उत्तरेकडच्या गोलसमोर दोन फळ्या करकरायच्या. काकानं त्या कधी बसवू दिल्या नाहीत. गर्दीत चेंडू दिसत नाही, पण डावीकडून कुणी आत घुसला की फळी सांगते, असं तो म्हणायचा. पाहुणे संघ हरले की फळ्यांबद्दल तक्रार करायचे. आम्ही म्हणायचो, बरोबर आहे, नाचता येईना अंगण वाकडं.

क्लबाच्या घटनेत एक नियम होता. सभासद जितका जुना, तितकी त्याला मतं जास्त. नव्याला एक, साठ वर्षं झालेल्याला वीस. म्हाताऱ्यांनी तो मुद्दाम घातला होता. काल आलेल्या कुणी उपटसुंभानं उद्या क्लब विकू नये, एवढाच हेतू. बेल्मिरोकाकाकडं वीस मतांचं हिरवं कार्ड होतं. ते तो शर्टाच्या खिशात ठेवायचा, हृदयाच्या गोळ्यांच्या शेजारी.

२०११ साली आमचे अध्यक्ष डॉक्टर किंतिनो यांनी ठराव आणला की हॉकीचा हॉल एका सुपरमार्केटला विकायचा. आमच्याकडं चार बुकं शिकलेला प्रत्येक जण डॉक्टर; हे कायद्याचे. फुटबॉलचा संघ वरच्या गटात टिकला नाही तर क्लबच बुडेल, हॉल विकला तर टिकेल, आणि दोन वर्षांत नवा हॉल बांधू, असं त्यांचं म्हणणं. पाय कापला तरी माणूस जगतो, असंही म्हणाले. ज्यानं उभ्या जन्मात सुरी लोण्यावर सोडून कुठं चालवली नाही, त्याचा हा सल्ला.

सभेआधी काका बारमध्ये आला. कॉफी समोर ठेवून नुसताच बसला.

मी विचारलं, "काका, काय ठरवलंय?"

"क्लब जगला पाहिजे रे. फळ्या काय, पुन्हा ठोकू."

"कोण ठोकणार? तुमच्याबरोबर ठोकणारे सगळे टेकडीवर झोपलेत, मातीखाली."

"मी आहे ना अजून," तो म्हणाला, आणि गार झालेली कॉफी एका घोटात प्यायला.

सभा हॉकीच्या हॉलमध्येच होती, त्याच फळ्यांवर खुर्च्या मांडून. बारवाला सगळ्यांचाच असतो म्हणून मोजणीला मला उभं केलं. आधी विरोधातले हात: चारशे बारा मतं. मग बाजूचे. रांगा मोठ्यानं मोजत मी मागं गेलो तेव्हा चारशे सहा झाली होती आणि शेवटच्या रांगेत एकटा बेल्मिरोकाका राहिला होता. कार्ड मांडीवर होतं. मी मनात म्हणत होतो, नको, काका, नको. त्यानं समोर त्या उत्तरेकडच्या गोलाकडं पाहिलं आणि हिरवं कार्ड वर केलं.

चारशे सव्वीस. चौदा मतांनी हॉल गेला. आकडा मी माझ्याच तोंडानं जाहीर केला.

त्या संध्याकाळी लुसिलिया त्याला म्हणाली, घरात काही मागितलं तर तुझा हात वर होत नाही, आज बरा झाला. त्यावर तो उठला आणि मेणाचा डबा पुसत बसला, असं तिनंच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते ऐकलं तेव्हाच मला भीती वाटली.

फळ्या उपटल्या त्या सोमवारी काका मेणाचा डबा घेऊन फाटकाशी उभा होता. सवय, दुसरं काय. फुटबॉलचा संघ त्याच हंगामात घसरला, पुढच्या हंगामात आणखी घसरला. डॉक्टर किंतिनो राजधानीत मोठ्या जागेवर गेले. नव्या हॉलची एक वीटही कुणी पाहिली नाही. तिसऱ्या वर्षी न्यायालयाचा माणूस आला, चषक केळ्यांच्या खोक्यांत भरून घेऊन गेला, आणि नव्वद वर्षांच्या क्लबाच्या दाराला सील लागलं. माझ्या बारलाही. मी रडलो, सांगायला लाज नाही.

काका आता रोज सकाळी त्या सुपरमार्केटात पाव आणायला जातो. गावात दोन भट्ट्या असताना तिथंच. मागच्या महिन्यात मी त्याला आत पाहिलं. खारवलेल्या कॉड माशांची चळत रचलेली असते, तिथं तो उभा होता. उत्तरेकडचा गोल तिथंच होता. डावा पाय पुढं टाकून तो फरशीवर भार देत होता, मागं घेत होता, पुन्हा देत होता. फरशी ती, तिचा कसला आवाज येणार? बायका ट्रॉल्या वळवून बाजूनं जात होत्या.

मी त्याला हाताला धरून बाहेर आणलं. बाकावर बसलो.

"आर्मेनियो, मी हात वर केला नसता तर?"

"तरी विकलाच असता, काका," मी म्हणालो. "त्यांचं आधीच ठरलं होतं. तुमच्या एका हातानं काय होतंय?"

त्यानं खिशातून ते हिरवं कार्ड काढलं, कडा फाटलेलं, आणि मांडीवर ठेवलं.

"हॉल सहा मतांनी राहिला असता," तो म्हणाला. "मोजताना तुझा आवाज कापला होता. तेव्हाच मी मोजलं होतं."

मग पावाची पिशवी उचलून तो घराकडं चालू लागला.