दबलेलं गवत

सकाळी तंबू गुंडाळला आणि खालचं गवत दिसलं. आजूबाजूला दवाने भिजलेली पाती ताठ उभी होती आणि मधे एवढीच माझ्या मापाची कोरडी, चपटी जागा. सह्याद्रीच्या माथ्यावरून एकटी चालत निघाले त्याला बरेच दिवस झाले होते, पण रोजच्या घाईत आपण झोपलो ती जागा कधी नीट पाहिलीच नव्हती.

काल संध्याकाळी या पठारावर पोचले तेव्हा सॅकच्या पट्ट्यांनी खांदे सोलवटले होते. आता पुरे, उद्या खालच्या गावात उतरून घरची एसटी धरायची, असं मी ठरवूनही टाकलं होतं. उघड्यावर खुंट्या ठोकत होते, तेवढ्यात जवळच्या धनगरवाड्यातल्या एक मावशी आल्या.

"तिथं नको बाई, वारं सगळं उडवून न्हेईल. गोठ्याच्या आडोशाला ये."

त्या आडोशाला मी मेल्यासारखी झोपले.

एकटी चालतेय, असं मी सगळ्यांना जरा मिरवूनच सांगते. पण रोज रात्री कुणीतरी मला जागा देतंच की. कधी एखादी भिंत पाठीशी असते, काल तर हे गवत बिचारं रात्रभर माझ्याखाली वाकून राहिलं.

कुणाकडे मुक्काम केला की निघताना चादर सारखी करतो ना, तशी मी खाली बसून हाताने पाती उभी करू लागले. मावशी चहा घेऊन आल्या आणि हसायलाच लागल्या.

"राहू दे गं. त्याचं ते उठतंय."

चहा संपेपर्यंत काही पाती खरंच उठली होती. मी सॅक खांद्यावर घेतली आणि गावाकडे न उतरता पुढचा चढ धरला.