बुधाजी मास्टरचं माप

उल्हासनगरात पाच नंबर कॅम्पात जीन्सचे कारखाने किती, हे मोजायला बसाल तर तुमचा अख्खा रविवार जाईल. पण तिथला कटिंग मास्टर कोण म्हणून विचाराल, तर ब्याण्णव सालात एकच नाव निघायचं. बुधाजी. माणूस मूळचा जांभूळचा, राहायला अंबरनाथच्या चाळीत, आणि तोंडाचा असा फटकळ की त्याचा सिंधी शेठसुद्धा आधी ‘साईं, एक बात बोलूं क्या?’ असं विचारून मगच तोंड उघडायचा.

बुधाजीला टेप लागायचीच नाही. गळ्यात असायची ती नुसती शोभेला. गिऱ्हाईक उंबरा ओलांडून आत येईपर्यंत ह्याने लांबूनच कंबर, उंची, मांडी सगळं सांगून टाकलेलं असायचं.

“साडेबत्तीस.”

“बत्तीस आहे माझी कंबर,” गिऱ्हाईक म्हणायचं.

“बत्तीस लग्नाआधी असेल.”

टेप लावली की साडेबत्तीसच निघायची.

अक्षरांशी मात्र त्याचं जमलं नव्हतं. लहानपणी शाळेवरून तो रोज जायचा, पण गुरं घेऊन. आकडे त्याला टेपवरून पाठ झाले, इंग्रजीतलेसुद्धा. पण त्याचंच नाव लिहून पुढे धरलं, तर ते सुलटं आहे की उलटं, हेही त्याला कळत नसे. पगाराला अंगठा. ह्याची त्याला मनातून फार लाज वाटायची, आणि कुणी तो विषय काढायच्या आत तोच त्याला दोन शब्द सुनावून मोकळा व्हायचा.

आता अशा माणसाचा सिनेमाशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. सांगतो.

त्याच्याच चाळीत रघु राहायचा. कंपनीत कामाला, संध्याकाळी कामगारांच्या नाटकात. त्या काळात गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले होते. बदलापूर गावातली गयाबाई, भाजी विकणारी, पन्नाशीची बाई, त्या वर्गात बसून वाचायला शिकली. रघुच्या डोक्यात एकच भुंगा शिरला: हिच्यावर फिल्म करायची. वीस मिनिटांची, पण खरीखुरी.

मित्र म्हणाले, “अरे, लग्नाच्या शूटिंगवाल्याचा व्हिडिओ कॅमेरा आण. कॅसेट टाक, लगेच टीव्हीवर बघ. चुकलं तर पुसून परत काढ. झंझट खतम!”

“आणि टीव्हीपुढे माणसं बसणार किती? दहा?” रघु म्हणाला. “मला ही बाई कापडावर पाहिजे. घराएवढी. अख्ख्या गावाला एका वेळी दिसली पाहिजे.”

म्हणून त्याने सोळा मिलिमीटरच्या फिल्मचा हट्ट धरला. मुंबईतल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून चावीचा कॅमेरा मागून आणला. घड्याळासारखी चावी द्यायची, की तो अर्धा मिनिट घरघर चालायचा आणि खट्कन थांबायचा. काय उतरलंय ते मात्र रीळ मुंबईला जाऊन धुऊन येईपर्यंत कळायचं नाही.

खरी पंचाईत झाली लेन्सची. गयाबाईच्या चुलीपाशी भर दिवसा अंधार. उजेड येणार तो एकाच जागेवरून, छपरातल्या काचेच्या कौलातून. बाराच्या सुमाराला त्यातून परातीएवढं ऊन खाली पडायचं आणि पंधरा मिनिटांत सरकून जायचं. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स होती रुंद. तिच्यात अख्खं घर मावायचं, पुढचं मागचं सगळं स्वच्छ दिसायचं. पण उजेड ती फार थोडा आत घ्यायची. त्या अंधारात गयाबाई म्हणजे नुसती काळी सावली. रघुने भाड्याचा हॅलोजन लावून पाहिला, तर गयाबाईने डोळ्यांवर हात धरला.

“बंद कर ती भट्टी! माझं काय लगीन हाय?”

मग रघुने दोन नंबर कॅम्पातल्या जुन्या मालाच्या दुकानातून पन्नास मिलिमीटरची एक लेन्स शोधून काढली. मोठ्या भिंगाची, एवढ्याशा उजेडातही चेहरा उजळून काढणारी. पण तिची एक खोड होती. चार फुटांवरच्या माणसाचं तिच्यात बोटभरच स्पष्ट दिसायचं. डोळे धरले तर कान धूसर, कान धरले तर डोळे गेले. माणूस चालत आला, तर कुणीतरी कॅमेऱ्याशेजारी बसून, त्याचं अंतर क्षणाक्षणाला ओळखून, लेन्सवरची कडी फिरवत राहायला हवी. मुंबईहून एक असिस्टंट त्यासाठी आला होता. दोन दिवस राहिला आणि मोठ्या शूटिंगचं बोलावणं आल्यावर पळाला.

रघु चाळीच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. शेजारी बुधाजी बिडी ओढत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कमरा सांगत होता. रघुने एकदम वर पाहिलं.

“मास्टर, इथून तो नळ किती लांब आहे?”

“अकरा फूट आठ इंच,” बुधाजी म्हणाला. “का? उचलून नेतोस?”

रघुने त्याच्या गळ्यातली टेप ओढून घेतली आणि नळापर्यंत धावला. अकरा फूट आठ इंच!

“मास्टर, रविवारी माझ्याबरोबर बदलापूरला चल!”

“मला सिनेमातलं काय कळतं रे?”

“आकडे कळतात ना? त्या कडीवर नुसते फुटाचे आकडे आहेत. अक्षर एक नाही.”

हे शेवटचं वाक्य ऐकून बुधाजी कबूल झाला.

पहिलं रीळ मोठ्या थाटात काढलं. आठवड्याने धुऊन आलं. रघुच्या खोलीत भिंतीवर ते लावलं. गयाबाईचे कान कसे सुरेख दिसत होते! कुड्यांचा मोती न् मोती मोजून घ्यावा. डोळे मात्र धुक्यात. एकदा नाही, प्रत्येक वेळी.

“वा, कानांची फिल्म झाली,” कुणीतरी म्हणालं.

एरवी बुधाजीने त्याला तिथल्या तिथे झाडला असता. त्या दिवशी तो चपला घालून गुपचूप निघून गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं माप चुकलं होतं, तेही चारचौघांत, भिंतीएवढं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तो पँटचं कापड आखत होता. कंबर तीस, आणि त्याचा खडू आपोआप तीन इंच पुढे सरकला. शिवणीसाठी जास्तीचं कापड सोडायचं असतं. शिंपी त्याला माया म्हणतात. पंचवीस वर्षं त्याचा हात ती माया सोडत आला होता. बुधाजी खडू हातात धरून तसाच उभा राहिला.

“आयला!” तो ओरडला. “मी बाईलासुद्धा माया सोडली!”

चार फूट दिसले की हात कडी चार फूट तीन इंचांवर नेत होता. डोळ्यांच्या मागे तीन इंच, म्हणजे बरोबर कानांवर! शेठ धावत आला. “क्या हुआ, साईं?” बुधाजी हसत सुटला होता.

पण इकडे रघुने धीर सोडला होता. शेवटच्या नावांपुरती बाजूला ठेवली, तर फिल्म उरली होती अर्ध्या मिनिटाची आणि काढायचा होता सगळ्यांत मोठा प्रसंग. गयाबाईची मुलगी लग्न होऊन घाटावर गेली होती. तिची चिठ्ठी आली होती. आजवर चिठ्ठ्या पोस्टमन वाचून दाखवायचा. ही पहिली, जी गयाबाई स्वतः वाचणार होती. रघुच्या शब्दाखातर बाईने चार दिवस ती फोडली नव्हती. उशाशी घेऊन निजत होती. आता चिठ्ठी पहिल्यांदा काही दोनदा वाचता येत नाही. चुकलं तर चुकलं, कायमचं.

“आपण अंगणात घेऊ,” रघु म्हणाला. “उन्हात. रुंद लेन्स लावू, म्हणजे फोकसची भीती नाही.”

गयाबाईने कमरेवर हात ठेवले. “लेकीची चिठ्ठी घरात वाचत्यात. अंगणात वाचायला ती काय तलाठ्याची नोटीस हाय?”

“बाई बरोबर बोलतेय,” बुधाजी म्हणाला. “ती मोठ्या भिंगाची लाव. मला माझी चूक सापडलीय. आणखी चुकलो तर टेप चुलीत घालीन.”

रघुने लेन्स बदलली.

बारा वाजले. ऊन चुलीपुढे उतरलं. मागच्या दारापासून उजेडापर्यंत बुधाजीने सारवलेल्या जमिनीवर खडूच्या रेघा मारल्या: अकरा फूट, नऊ, सात, पाच, चार. मग कॅमेऱ्याला खेटून उकिडवा बसला, दोन बोटं कडीवर ठेवून. रघुने चावी दिली. घरघर सुरू झाली.

गयाबाई दारातून आत आली. हातात नुकतीच फोडलेली चिठ्ठी. अकरा. नऊ. आणि बाई चालता चालताच वाचायला लागली! “आई...” म्हणाली आणि पाय रेंगाळले. सातची रेघ तिने पाहिलीच नाही. बुधाजीनेही रेघांवरची नजर उचलली आणि तिच्या डोळ्यांवर लावली. सव्वासहा. साडेपाच. “ही... चिठ्ठी... कुणाला... वाचायला... देऊ नको.” बाई पाचच्या रेघेआधीच थांबली. मग कागद उजेडात धरायला पुढे वाकली. पावणेपाच, साडेचार. बुधाजीचे ओठ हलत होते. “माया नाय सोडायची... माया नाय...” सव्वाचार. “तुझी... तू... वाच.” गयाबाईने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी उभं होतं. चार. पुरते चार. हात सवयीने पुढे सरकू पाहत होता. बुधाजीने तो दात-ओठ खाऊन तिथेच धरला.

खट्. चावी संपली.

गयाबाई खाली बसून पदराने डोळे पुसत उरलेली चिठ्ठी वाचत होती. रघुने घाबरत विचारलं, “मास्टर, आलं?”

“धुऊन आल्यावर मलापण सांग,” बुधाजी म्हणाला. शर्ट घामाने चिंब झाला होता.

महिन्याभराने गयाबाईच्या अंगणात दिवेलागणीनंतर सगळं बदलापूर गाव जमलं. पडदा बुधाजीनेच शिवला होता, मांजरपाटाचा, आठ फुटी, कुठे एक सुरकुती नाही. सगळे पुढे बसले होते. तो मात्र मागे, भिंतीला टेकून, हातांची घडी घट्ट आवळून उभा.

अंधारातून गयाबाई चालत आली, घराएवढी. शूटिंगच्या वेळी टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेला तिचा आवाज अडखळत वाचत होता. ती थांबली, वाकली, आणि तिने मान वर केली. अहाहा! एक एक पापणी सुटी दिसत होती. डोळ्यांतलं पाणी दिसत होतं, आणि त्या पाण्यात काचेचं कौल, छोटंसं, चौकोनी, लख्ख! अंगणात अशी शिट्टी-टाळी उठली की गोठ्यातली गुरं दावी ओढायला लागली. बुधाजीचा जीव भांड्यात पडला. तो भिंतीवरून घसरत खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. कुणी पाहिलं तर पाहिलं.

शेवटी नावं आली. रघुने ती पाटीवर खडूने लिहून काढली होती. एका पाटीवर दोनच शब्द होते. गयाबाई उठून उभी राहिली आणि बोट नाचवत मोठ्याने वाचायला लागली.

“मा...प. बु...धा...जी.” ती गर्रकन वळली. “मास्टर! तुझं नाव हाय!”

“कुठे?” बुधाजी धडपडत पुढे आला. पण तोवर ते गेलं होतं. “रघु! परत लाव!”

रघुने रीळ फिरवून परत लावलं आणि त्या पाटीवर थांबवलं. बुधाजी पडद्यासमोर तीन पावलांवर उभा राहिला, आणि स्वतःचं नाव त्याने पहिल्यांदा नीट पाहिलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“पावणेतीन फूट,” तो म्हणाला.

गयाबाईने त्याच्या गळ्यातली टेप काढून पडद्याला लावली. पावणेतीन फूट. इंचभरही माया नाही.