डोहात सोडलेलं जाळं

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, हे आधीच लिहून मोकळी होते. निपाणीच्या बाजारात आम्ही नदीचे मासे विकणाऱ्या बायका एका रांगेत बसतो. गिऱ्हाईक नसलं की किस्से निघतात. हल्ली पाट्या रिकाम्या, गिऱ्हाईक येतच नाही, म्हणून किस्से लई साठलेत. सगळे एकाच जाळ्याचे.

वेदगंगेच्या डोहात कुणीतरी फाटकं नायलॉनचं जाळं सोडून दिलं होतं. पूर्वी सुती जाळी असायची. फाटली की बाप्ये दारात बसून सांधायचे. आता नवं स्वस्तात मिळतं, मग फाटकं दगड बांधून पाण्यात. सगळेच करतात.

मी आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणजे आमच्या नदीवरच्या मासेमारांतले थोरले.

"आप्पा, ते जाळं डोहातलं मासं खातंय."

"जाळ्याला पोट कुठलं गं? तूच दोन भाकरी कमी खा."

*

एका मास्तरीणबाईंनी मरळ घेतली आणि तासाभरात परत घेऊन आल्या. माशाच्या गळ्यात दोरा रुतलेला. "आक्का, मासे विकतीस का शिवणकाम करतीस?"

"बाई, दोऱ्याचं पैसं लावलं न्हाईत."

रांग पोट धरून हसली. गळा किती आत कापलाय ते कुणी बघितलं नाही.

*

कारवारहून बर्फातले मासे आणणारा ड्रायव्हर एकदा आमच्यात चहाला बसला. म्हणाला, "तुमचं एका डोहातलं. आमच्या समुद्रात असली जाळी सुटून फिरतात. त्यांना धनी नाही, सुट्टी नाही. मासे मरतच राहतात. परवा किनाऱ्याला कासव आलं, पाक गुंडाळलेलं."

माझ्या शेजारची सुशीला म्हणाली, "मग तुमची माणसं काय करत्यात?"

"नवी जाळी घेतात."

*

सुशीलाचा नवरा मारुती. त्याला त्या जाळ्यात पाणकावळा अडकून मेलेला दिसला, तेव्हा कुठं माझ्याकडं आला. "आक्का, तू खरं बोलत हुतीस. जातो, कापून काढतो."

"कुणाला तरी संगं ने रं."

"जाळं हाय आक्का, मगर न्हाय."

बाहेर काढला तेव्हा विळा हातातच होता, आणि जाळं दोन्ही पायांना.

*

मारुतीचे दिवस झाल्यावर गावात बैठक बसली. पंचायतीचा माणूस म्हणाला, "जाळं कुणाचं, नाव सांगा. न्हायतर डोह सगळ्यांना बंद."



मी म्हटलं, "सगळ्यांचीच नावं लिहा की. कुणी टाकलं न्हाय आजवर?"

"तू गप बस गं," बाप्यांतलं कुणीतरी म्हणालं.

सुशीला माझ्याजवळ बसलेली, पदर तोंडाला लावून. डोह बंद झाला तर आम्ही दोघी कुठल्या बाजारात काय विकणार, हे तिलाही कळत होतं.

शेवटी आप्पा उठले. सुशीलाकडं बघितलं नाही.

"लिहून घ्या," म्हणाले. "मारुतीचं."